सगळे जुने प्रोग्रॅम उत्तम चालतात

"'चालतो, पण'? हे काय लिहिलंय? पुस्तिका आहे का रडगाणं?" विभागप्रमुखांनी लाल पेन उचललं.

पुस्तिकेची लेखिका समोर उभी होती. कंपनीच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर साठ जुने प्रोग्रॅम तीन महिने चालवून, कोणता कुठे अडखळतो हे तिने इमानेइतबारे लिहून काढलं होतं. विभागप्रमुखांनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम चालवून पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं.

"साहेब, कर्मचारी नोंदीचा प्रोग्रॅम तारीख वीस वर्षं पुढची धरतो."

"धरू दे की! प्रगतीच आहे ती."

त्यांनी साठही नोंदींपुढे 'उत्तम चालतो' असं लिहून खाली झोकात सही ठोकली. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि या पाण्याला तर स्वतंत्र केबिनही होती.

पुस्तिका वाचून संचालक खूश झाले. "मग शुभारंभ आपल्याच ऑफिसात होऊ दे," म्हणाले. शनिवारी सगळ्या मशीनवर नवी सिस्टिम चढली.

सोमवारी विभागप्रमुखांच्या कार्डाने फाटक उघडेना. पहारेकऱ्याने पडद्यावर पाहिलं आणि अदबीने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा काका. रिटायर झालात तुम्ही."

"काका कोणाला म्हणतोस? सेहेचाळीस वय आहे माझं!"

"इथं सहासष्ट दिसतंय. तब्येत मात्र छान राखलीत हो."

पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून ते तणतणत आस्थापना विभागात गेले. तिथल्या तरुण कारकून बाईंनी शांतपणे पुस्तिका उघडली.

"नोंद चुकेल कशी? 'उत्तम चालतो' लिहिलंय. सही तुमचीच ना?"

वीस वर्षं ऊब दिलेली खुर्ची जाणार, आणि तीही स्वतःच्या सहीने! विभागप्रमुख धावतच लेखिकेकडे गेले.

"बाई, दुरुस्ती छापा! आत्ताच्या आत्ता!"

"मजकूर तयार आहे. विभागप्रमुखांची सही तेवढी हवी."

"आणा, करतो!"

"तुमची कशी चालेल? चाळिशी ओलांडलेले सगळे आज सकाळी निवृत्त झाले. संचालकसुद्धा. उरलेल्यांत ज्येष्ठ मीच, म्हणून आता विभागप्रमुख मी आहे."

"मग तुम्ही करा! हात जोडतो, बाई."

तिने पेनाचं टोपण काढलं, कागद नीट वाचला आणि टोपण परत लावलं.

"न तपासता सही करायची मला सवय नाही," ती म्हणाली. "साठही प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघते. तीनेक महिन्यांत कळवते, हं."