जावयाची बॅटरी

पुरणाचा आठवा धोंडा ताटात पडला तेव्हा कल्याणनं हात जोडले. "मामा, बास आता. श्वास बी घेता येईना."

पुंजारामनं नववा वाढला आणि वर तुपाची वाटी पालथी केली. अधिक महिन्यात जावयाला जेवू घालायचं ते खरंच, पण आज त्याच्या आग्रहामागं दुसरंही कारण होतं. जावई जितका जड होईल तितका गाढ झोपेल, आणि पुंजारामला दोन तास हवे होते.

झालं असं, की सकाळी पुंजारामच्या लेकीला, शालूला घेऊन आल्या आल्या कल्याणनं अंगणातल्या ट्रॅक्टरकडं बघून विचारलं होतं, "हे चालू हाय का अजून, का कोंबड्यायला बसायला ठिवलं?"

"चालू म्हंजे? जेवणं झाले की तुमच्यासमोर नांगरट करून दाखवतो," पुंजाराम बोलून गेला. वास्तविक आठ दिवसांपासून ट्रॅक्टरचा हॉर्न तेवढा वाजत होता. स्टार्टर ढिम्म हलत नव्हता.

कल्याण घोरू लागला तसा पुंजाराम पाना घेऊन त्याच्या पिकअपला भिडला. बॅटरी बाहेर काढली. तिच्यावरचं स्टिकर नव्या ताटासारखं चमकत होतं.

"जावयाच्या गाडीचं पोट कामून फाडून राह्यले?" त्याची बायको सगुणाबाई मागून म्हणाली.

"हळू बोल. दोन टाक्या नळीनं जोडल्या की भरलेलीतलं पाणी रिकामीत येतं का न्हाई? दोन्हीची पातळी बराबर होते. तसंच हे. लालला लाल, काळ्याला काळी. त्यांच्यातलं थोडं आपल्यात येईल. त्यांना कळणार बी न्हाई."

"आन न्हाई आलं तर?"

"कसं न्हाई येणार? विज्ञान हाय."

वायर टेकवली तशी ठिणगी उडाली. पुंजाराम समाधानानं खाटेवर बसला. तासाभरानं त्यानं हात लावून पाहिला. त्याची बॅटरी थंडगार होती. जावयाची मात्र चांगलीच तापली होती, आतून खदखद ऐकू येत होती आणि नासक्या अंड्यासारखा वास सुटला होता.

"तरणी हाय. रक्त गरम असतं," तो म्हणाला आणि आपली बॅटरी ट्रॅक्टरला लावून बसला. चावी फिरवली. टक. हॉर्न दाबला, तर सकाळपर्यंत खणखणीत वाजणारा हॉर्न एकदा कण्हला आणि गप्प झाला. घाईघाईनं जावयाची बॅटरी पिकअपमध्ये टाकून चावी फिरवली. तिथंही टक.

आता मात्र त्याला घाम फुटला. दुसऱ्या कुणी जावयाला उठवून खरं सांगितलं असतं. पुंजाराम बांध ओलांडून शेजारच्या कारभारीकडं गेला. कारभारीनं पाडव्यालाच ट्रॅक्टरला नवी बॅटरी बसवली होती. ती द्यायला तो तयार झाला, पण तिच्यासोबत स्वतःही आला. तिन्ही बॅटऱ्या ओळीनं मांडून जोडल्या, आणि पेशंटच्या उशाशी बसावं तसा कारभारी शेजारी बसून राहिला.

अर्ध्या तासानं त्यालाच राहवेना. त्यानं आपली बॅटरी सोडवली, घरी नेऊन ट्रॅक्टरला लावून पाहिली आणि तशीच पुन्हा उचलून आणली.

"माझी बी टक करून राह्यली," तो पडेल आवाजात म्हणाला. मग वाकून त्यानं एकेक बॅटरी चाचपली. "पुंजाराम, तुझी थंड, माझी थंड. ही एकलीच तापली. आपल्या दोघायची हिच्यात गेली."

"आसं कसं? पातळी बराबर व्हायला पाहिजे."

"टाकीला बूडच नसंल तर कशाची पातळी?"

"अधिकाचा महिना हाय," सगुणाबाई म्हणाली. "जावयाला द्यावंच लागतं."

तेवढ्यात तोंड पुसत कल्याण ओसरीवर आला. सहाच्या आत त्याला जालन्यात बियाण्याच्या बॅगा भरायच्या होत्या. समोर तीन बॅटऱ्या आणि त्यांच्याभोवती तिघं उभे होते. पुंजारामनं मनाशी ठरवलं आणि सरळ पुढं झाला.

"जावईबापू, तुमची बॅटरी मी काढली. ट्रॅक्टर बंद हाय माझं. खोटं बोलल्तो. आता तुमची बी उतरली."

कल्याण पायरीवर बसला.

"मामा, ती महिन्यापासनं तशीच हाय. आतला एक खाना मेलाय तिचा, कितीबी चार्ज करा, धरत न्हाई. सकाळी धक्का मारून निघाल्तो, वाटेत इंजिन बंदच केलं न्हाई. इथं बी उतार बघून गाडी लावली. तुमच्या दारात जुनी बॅटरी बरी दिसत न्हाई म्हणून वरून स्टिकर चिटकवलं."

पुंजारामच्या छातीवरचा धोंडाच उतरला. दोघं एकमेकांकडं बघून ओशाळं हसले.

"तुमचं दोघायचं झालं मोकळं," कारभारी म्हणाला. "माझी तर भरलेली होती."

मग जो तो कामाला लागला. ज्याची त्याची बॅटरी जागेवर गेली. पुंजाराम आणि कारभारीनं पिकअपला उतारावर धक्का दिला. खोकत खोकत ती चालू झाली. तिला दोर बांधून पुंजारामचा ट्रॅक्टर ओढला, तोही धडधडला. कारभारीनं दोर सोडला आणि त्याच टोकाला आपला ट्रॅक्टर बांधायला धावला. कल्याणनं हात हलवला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता तो धुरळ्यात दिसेनासा झाला.

परतूर ओलांडल्यावर त्याचा फोन आला. सगुणाबाईनं तो शालूच्या हातात दिला. ती मांडीवर पिशवी घेऊन ओसरीवर चहा पीत होती.

"तू गाडीत कामून न्हाईस?" कल्याणनं विचारलं.

"मी दारात उभी होते. आवाज दिल्ता. तुम्ही थांबलेच न्हाई."

"थांबलो असतो तर गाडी बंद पडली असती."

"बराबर केलं," शालू म्हणाली. "आता नवी बॅटरी बसवा, मंग न्यायला या."

तिकडं शेतात पुंजारामची नांगरट सुरू झाली होती. तिन्हीसांज होत आली तरी तो उतरायचं नाव घेत नव्हता, कारण उतरला तर इंजिन बंद करावं लागलं असतं. सगुणाबाई कपबशी घेऊन बांधावर गेली आणि चालत्या ट्रॅक्टरच्या बाजूनं नांगराचं अर्धं तास पळून तिनं ती त्याच्या हातात दिली. त्यातला निम्मा चहा बशीत होता, निम्मा ढेकळांत. पुंजाराम तेवढाच प्याला आणि त्यानं पुढचं तास धरलं.