दत्तूआबा बसत नाहीत

दत्तूआबांना खुर्चीत नीट बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते नुसते कडेला टेकतात. बशीतला चहा फुंकताना एक पाय दाराकडे आणि डोळे रस्त्यावर. माझी बायको म्हणते, "आबा, बसा की जरा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "बसलेल्या मान्साला लोक इसरत्यात, वहिनी."

आबा मूळचे सांगोल्याकडचे. दोनदा आमदार झाले, तिसऱ्यांदा पडले, पुढं पक्षानं तिकीटच दिलं नाही. बायको गेल्यापासून सोलापुरात आमच्या शेजारी एकटेच राहतात. आमदारकीबरोबर गाडी गेली, ड्रायव्हर गेला. फिरणं तेवढं राहिलं. मी निवृत्त मास्तर, दारात जुनी मोटार. त्यामुळे ड्रायव्हरची जागा आपोआप माझ्याकडे आली. सकाळीच फाटक वाजतं. "सर, मोडनिंबला बारसं हाय. काढा गाडी."

बारशाला पोचावं, तर बाळाचं नाव ठेवायच्या आत आबा उठलेले. एकदा अकलूजला ते घाईघाईत भलत्याच मांडवात शिरले. माइक घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिले, मुलाच्या वडिलांची तोंडभर स्तुती केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, आपलं लग्न पलीकडच्या कार्यालयात होतं."

"असू द्या की. ह्यांचाबी संसारच हाय."

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सांगोल्याजवळ एका वस्तीवर गेलो. बिरूतात्या म्हणून म्हातारे मेंढपाळ, पहिल्या निवडणुकीपासून आबांचा माणूस. त्यांची बायको वारली होती. आबा दोन शब्द बोलून निघतील, असं मी धरूनच चाललो होतो. पुढं आणखी दोन गावं करायची होती.

तात्या म्हणाले, "समदी आली, गेली. लेकीनं करून ठिवलेल्या भाकरी सपल्या. काल पीठ मळाया घेतलं, तर निस्तं हाताला चिकटलं."

आबांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि चुलीपुढं चक्क मांडी घातली. "पानी कडत पायजे, तात्या. गार पान्यात पीठ जुळत न्हाय." पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरी टम्म फुगली.

तात्या बघतच राहिले. "तुमाला कुनी शिकवलं, आबा?"

"हिनंच. आजारी पडली तवा अंथरुणावरनं सांगायची, मी थापायचो." आबांनी जाळ जरा मागं ओढला. "आख्ख्या संसारात तेवढंच काय ते तिच्यापाशी बसलो बगा. आता घरात बसवत न्हाय."

मग त्यांनी पिठाचा गोळा तात्यांपुढं सारला. "थापा. कडा मोडल्या तर मोडू द्या."

पुढच्या गावांना आम्ही गेलो नाही. मोडक्या भाकऱ्या शेळीच्या दुधात कुस्करून तिघांनी खाल्ल्या. तात्या बायकोबद्दल सांगत राहिले, आणि आबा मांडी न मोडता ऐकत राहिले.