पिशवी आठच्या गाडीने गेली

उभ्या गाडीत खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची आणि निवांत चहाला जायचं, हा हणमंतरावांचा चाळीस वर्षांचा रिवाज. मुखेडजवळच्या त्यांच्या गावात आठची अहमदपूर गाडी चार माणसांनी धक्का मारला की नऊला निघायची. पुढे तीही बंद पडली. मग हणमंतरावांनीच तालुक्याला खेटे घातले, अर्ज लिहिला, ‘गाडी वेळेवर सुटावी, कुणाच्याही चहासाठी थांबू नये,’ आणि खाली पहिली सही ठोकली. वर्षभराने कोरी करकरीत गाडी आली. गावाने नारळ फोडला.

आज अहमदपूरला भाचीचं, सुकन्याचं लग्न होतं. मामाची पिवळी साडी नेसल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही आणि ती साडी हणमंतरावांच्या पिशवीत. पिशवी सवयीने खिडकीतून आत गेली, हणमंतराव सवयीने हॉटेलात गेले. त्यांनी बशीत चहा ओतला तेव्हा आठ वाजले. बशी ओठाला लागेपर्यंत गाडी वळणाआड झाली होती.

त्याच लग्नाला निघालेली शेजारीण भामाबाई गाडीत होती. त्यांनी तिला फोन लावला.

“भामाबाई, माझी पिशवी...”

“घोर करू नका, दादा. तुमच्या जागेवर कुणाला टेकू बी दिलं न्हाई.”

“अवं, पण मी गाडीत न्हाई. कंडक्टरला थांबव म्हणा.”

फोनवर नवा कंडक्टर महांतेश आला. “थांबलो असतो, मामा. पण तुमच्या गावच्या अर्जाची नक्कल साहेबांनी माझ्या हातात दिलीय. चहासाठी थांबू नका म्हणून लिवलंय. सही हाय कुण्या हणमंतरावांची.”

हणमंतरावांनी आपलं नाव सांगितलं नाही.

जीप भरायला दोन तास गेले, चढावर ती तापली त्यात अर्धा. मुहूर्त साडेअकराचा आणि मंडप दिसला साडेबाराला. बहिणीला तोंड कसं दाखवायचं, या विचारातच ते मंडपात शिरले.

आत सुकन्या पिवळी साडी नेसून बसली होती. नवरदेवाची वरात अजून वेशीजवळच नाचत होती.

“साडी दहालाच आली, दादा,” बहीण सत्यशीला म्हणाली. “तू मातर जुन्याच टायमानं आलास.”

हणमंतरावांनी दस्तीने डोळे पुसले आणि भाचीला स्वतः बोहल्यावर नेलं.

परतीच्या पाचच्या गाडीत ते चारलाच जाऊन बसले. पाचला पाच मिनिटं असताना खिडकीतून एक गाठोडं त्यांच्या मांडीवर पडलं.

“जागा धरा, दादा,” बाहेरून भामाबाई म्हणाली. “आलेच मी चहा घेऊन.”

पाच वाजले. महांतेशने घंटी मारली. हणमंतराव ताडकन उठले.

“जरा थांबा, साहेब. बाई चहा पिऊन राहिल्यात.”

महांतेशने खिशातून अर्ज काढला. “कसं थांबू? तुमच्याच गावचे ना हे हणमंतराव? वळखता का?”

हणमंतरावांनी अर्ज लांब धरून वाचला आणि सावकाश घडी घालून परत दिला.

“वळखतो की. लई घायकुता माणूस हाय. त्याचं काही ऐकत जाऊ नका.”