स्वभावसुधारणेस मुदतवाढ

वडगाव रासाईच्या दूध डेअरीचा पत्रा रविवारी सकाळी धाडकन वाजला. त्या आवाजाने दोन म्हशी उधळल्या, दुधाचा एक कॅन आडवा झाला आणि सोजराबाईंच्या अनुपमाचं ठरलेलं लग्न धोक्यात आलं. यांपैकी म्हशी आणि कॅन यांच्या चौकशीसाठी डेअरीचे चेअरमन हौसराव यांनी तातडीने समिती नेमली. लग्नाची बाब आनुषंगिक म्हणून जोडण्यात आली.

घडलं ते असं. नदीपलीकडल्या राहू गावच्या ऊसवाल्या पाव्हण्यांचा रविराज, म्हणजे अनुपमाचा नियोजित नवरा, तिला गाठायला डेअरीवर आला. ती दूध घालून वळली, तर ह्याने तिच्या कानाशेजारी पत्र्यावर हात आपटला, केस डोळ्यांवर ओढले आणि म्हणाला, "तू फक्त माझी हायेस. परक्या पुरुषाशी बोलायचं न्हाई." परका पुरुष म्हणजे दुधाची फॅट बघणारा म्हस्कू. त्याला तीन नातवंडं होती आणि कानाने कमी ऐकू यायचं.

"ही अक्कल कुठनं आली, पाव्हणं?" सोजराबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं. सोमवारचा उपवास होता. उपवासाच्या दिवशी त्या आवाज चढवत नसत. इतर दिवशी चढवायची सवयच राहिली नव्हती.

"कार्टूनातनं," रविराज खाली मान घालून म्हणाला. त्याच्या हाताला पट्टी होती. पत्र्याचा खिळा लागला होता.

मच्छिंद्र केबलवाल्याने त्या उन्हाळ्यात एक जपानी प्रेमाचं कार्टून हिंदी आवाजात लावायला सुरुवात केली होती. नदीच्या दोन्ही काठांवरची तरुण पिढी दुपारी चार वाजता जागेवर खिळायची. समितीने पुरावा म्हणून ते कार्टून अनुपमाच्या घरी बसून पाहण्याचा ठराव केला. सदस्य तीन : हौसराव, अनुपमाचे वडील कोंडिबा, आणि महिला प्रतिनिधी शहाबानो, जी गावातल्या झाडून सगळ्या नववधूंचे ब्लाऊज शिवत असे आणि त्यामुळे कोणती नवरी लग्नानंतर किती वाळली, हे तिला पाठ होतं. सोजराबाई पदसिद्ध चहावाल्या.

कार्टूनातला नायक शाळकरी होता. केस भरपूर, रीतभात शून्य. तो नायिकेवर खेकसायचा, तिने आणलेला डबा फेकायचा, न सांगता आठ-आठ भाग गायब व्हायचा आणि परत येऊन भिंतीला टेकून उभा राहायचा. नायिकेचे डोळे बशीएवढे. ते भरायचे, गाल लाल व्हायचे आणि ती म्हणायची, "गलती मेरी थी."

"हिला दुसरं वाक्यच दिलं न्हाई का हो?" शहाबानोने विचारलं.

"पोरगा मनाचा वाईट न्हाई," हौसराव म्हणाले. "आई लहानपणीच गेली त्याची."

"माझीबी गेली, चेअरमन," शहाबानो म्हणाली. "मी कुणाचा डबा फेकला न्हाई."

"सोळा सोमवारांत महादेव पावतो," सोजराबाई कपबश्या गोळा करता करता पुटपुटल्या. "ह्याचं एवढं पारायण झालं, कपाळावरची झिपरी जागची हलली न्हाई."

"आन् एकदाबी त्या पोरीला नावानं हाक मारत न्हाई," कोंडिबा खरोखर कळवळून म्हणाले. "माणसानं बायकांशी असं वागावं का?" मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हात मागे केला. "ए, पाणी."

समितीने अहवाल एकमताने मंजूर केला. नायकाच्या वर्तनाचा तीव्र निषेध. कार्टून तत्काळ बंद. रविराज हा बाह्य प्रभावाचा बळी असल्याने त्यास स्वभाव सुधारण्यासाठी पुढील अमावास्येपर्यंत मुदत.

मुदतीत रविराजने एकच गोष्ट केली. शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन त्याने अनुपमाचं नाव परस्पर काढून टाकलं. "तिच्या भल्यासाठी," असं तो म्हणाला. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. समिती पुन्हा बसली.

"लग्नापर्यंत मुदत वाढवू," हौसराव म्हणाले. "अंगाला हळद लागली का गडी सुधारतो."

"न्हाई सुधारला तर?" सोजराबाईंनी दाराआडून विचारलं.

"मग पहिलं लेकरू झाल्यावर."

"तवाबी न्हाई सुधारला तर?"

हौसरावांनी कोंडिबांकडे पाहिलं. कोंडिबांनी बंद टीव्हीकडे पाहिलं.

"मग सवय होते, वहिनी," हौसराव समजुतीने म्हणाले.

तेवढ्यात अनुपमा वडिलांपुढे आली. "नाना, मला हे लग्न करायचं न्हाई." तिचे गाल लालबुंद झाले होते.

"लाजली," हौसराव म्हणाले. "होकार धरा."

"चेअरमन, ती चिडलीय," शहाबानो म्हणाली.

"कार्टूनात दोन्हीला गाल सारखेच दिसत्यात."

तेव्हा उंबऱ्यात उभा असलेला रविराज बोलला. पट्टी सुटून लोंबत होती. "मला कुणी शिकवलंच न्हाई ओ, प्रेम कसं करायचं," तो म्हणाला. "आमचं आप्पा आईशी बोलतच न्हाईत. ताट सरकवत्यात, तेवढंच. मी कुठं बघायचं होतं?" आणि त्याचे डोळे भरले.

कोंडिबांनी नाक ओढलं. 'पोरी, अजून एकडाव बघ की,' हे शब्द सोजराबाईंच्या ओठांवर आले.

"शिका की मग," अनुपमा शांतपणे म्हणाली. "पण माझ्यावर कशाला?"

सोजराबाईंनी ओठांवरचे शब्द गिळले आणि हातातला ट्रे खाली ठेवला. "भावजी, ती न्हाई म्हणाली. लिवा."

"वहिनी, अहो, मुदत अजून..."

"न्हाई म्हणाली. लिवा." आवाज नेहमीएवढाच हळू होता. पण आजवर त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितलेली कुणी ऐकली नव्हती. हौसरावांनी लिहिलं.

लग्न मोडलं. अनुपमाने क्लासमध्ये पुन्हा नाव घातलं. नदीच्या दोन्ही काठांवर हळहळ व्यक्त झाली : पोरीने घाई केली, थोडा धीर धरायचा, पोरगा मनाचा वाईट नव्हता.

अडाणी माणसं, म्हणायचीच. आपण जाणते वाचक, आपल्याला ह्या मुदतवाढीचं हसू येतं. फक्त मघाशी उंबऱ्यात त्या पोराचे डोळे भरले, तेव्हा तुमचा हात आणखी एका मुदतवाढीवर सही करायला खिशातल्या पेनाकडे गेला होता, तो आता खाली घ्या.