कुलथ्यांची तीन बिऱ्हाडं

आमचे कुलथे मिसळ खातात, पण मिसळत नाहीत. उसळ एका वाटीत, रस्सा दुसरीत, फरसाण कोरडं, कांदा लांब. अंबडच्या नाक्यावरचा मिसळवाला एकदा वैतागला, "साहेब, मग घरीच खात जा ना!"

"घरी पोहे असतात," कुलथे म्हणाले.

ऑफिसातही तेच. दोन हजार सालानंतरचे दिवस. आम्ही मशिनांचे कंट्रोल बोर्ड बनवायचो. कॉम्प्युटर एकच, पण प्रोग्राम तीन जातींच्या चिपांसाठी बनायचे. प्रोग्राम चालायला तयार कोडची जी लायब्ररी लागते ती प्रत्येक चिपेची वेगळी, नाव मात्र तेच. म्हणून कुलथ्यांनी तिघींना तीन फोल्डर दिले होते. सगळं एकत्र ठेवू म्हटलं की विचारायचे, "नाव एक म्हणून बिऱ्हाड एक होतं का?"

मी कसला ऐकतो! एकदा घाईत एक लायब्ररी कॉमन फोल्डरात टाकली. तिनं तिथली त्याच नावाची दुसरीच पुसली आणि वणीच्या पार्टीसमोर आमचा बोर्ड ढिम्म. कुलथे आले, वाकून पाहिलं, "बिऱ्हाड चुकलंय," म्हणाले आणि चहाला गेले. अस्सा राग आला मला!

पुढे डिस्क भरली. मालक मला म्हणाले, "त्या सगळ्यात जुन्या चिपेचं फोल्डर उडव. तो बोर्ड कधीच बंद झालाय."

कुलथे माझ्या टेबलाशी आले. "तेवढं नका उडवू हो. हात जोडतो."

फोल्डरसाठी हात? मला हसूच येणार होतं, पण त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी ते मला इंदिरानगरला घरी घेऊन गेले. वहिनी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. खाली हवेची गादी, शेजारी एक डबा, डब्यात आमचा भंगारातला जुना बोर्ड. तो गादीतली हवा या कुशीची त्या कुशीला करायचा.

"पाठीला जखमा होत नाहीत," कुलथे म्हणाले. "पण हिचं दुखणं जागा बदलतं. मग प्रोग्राम नव्यानं बनवावा लागतो. ती लायब्ररी गेली तर कशावर बनवू?"

वहिनी मला म्हणाल्या, "माझ्यामुळे ऑफिसची जागा अडते ना, भाऊजी? थोडे दिवस सांभाळून घ्या. मग रिकामीच होईल."

"जागा भरपूर आहे!" कुलथे ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "विचार यांना!"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. डिस्कवर मुंगी शिरायला जागा नव्हती.

"भरपूर आहे, वहिनी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आत मी त्याच डिस्कवर वर्षानुवर्षं जमवलेली माझी सगळी गाणी उडवली.