केरबाचा हात आणि हळदीचं जातं

आटपाट नगर न्हवतं, कडेगावच्या अलीकडची उसातली वस्ती हुती. तिथं फौजेतनं रिटायर झालेला केरबा, त्याची बायको मनुबाई आणि लगीन ठरलेला लेक उदयसिंह अशी तीन माणसं राहत हुती. घरात मिक्सर हुता, गॅस हुता. जातं तेवढं मनुबाईच्या सासूचं, आणि लगनाच्या हळदीबिगर त्याला कुणी हात लावत न्हवतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मनुबाईनं जातं पुसून फिरवून बघितलं, तर खुंटा डुगडुगला.

"आवं, खुंट्याला जरा चिंधी ठोकून द्या की. आता सवाशिणी येतील. संयोगिताची आत्या बी कराडहून निघालीया, उष्टी हळद न्यायला."

संयोगिता म्हंजे उदयसिंहाची नवरी, बँकेत नोकरीला. "फौजी सासरा पोरीला हुकूम सोडून सोडून मारंल," असं आत्या सुपारी फुटल्यापासनं म्हणत हुती. लगीन मोडाय तिला नुसतं निमित्त पायजे हुतं.

"चिंधीचा जमाना गेला," केरबा म्हणाला. त्यानं नवा गोंद आणला हुता. लाकूड, दगड, काय बी धरणारा, वर फुगून भेगा भरणारा. दुकानदारानं बजावलं हुतं, "जागा नुसती ओलसर करा. गोंद थेंबभर. मग दाबून धरा."

आता, उसाला पाटानं पाणी पाजणाऱ्या माणसाला 'ओलसर' म्हंजे काय ते कुठनं कळावं? केरबानं खुंट्याच्या भोकात तांब्या रिकामा केला. थेंबभर गोंदानं समाधान हुईना, म्हणून निम्मी बाटली ओतली. खुंटा बसवला आणि मुठीत गच्च धरला. (दाबून धरायचा हुकूम तेवढा त्यानं तंतोतंत पाळला.)

गोंदानं पाणी पिलं आणि तो फुगाय लागला. दूध उतू जावं तसा पिवळा फेस खुंट्याभवती चढला, केरबाच्या बोटांत शिरला. धुवून काढावा म्हणून केरबानं डाव्या हातानं आणखी एक तांब्या ओतला. फेसाला तेच पायजे हुतं! पाण्याबरोबर तो जात्याच्या तोंडातनं आत गेला, दोन दगडांच्या मधी फुगला आणि कडंनं बाहेर आला.

मनुबाई ताट घेऊन आली. "उठा आता. बाया आल्या."

"मनू, उठता येत न्हाई."

"पायाला मुंग्या आल्या व्हय?"

"हाताला जातं आलंया."

मनुबाईनं जातं ढकललं. ते जागचं हलंना. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. लगनाच्या घरात हळदीचं जातं अडलं! आणि तेवढ्यात लांब रस्त्याला गाडी वाजली.

"आत्या आली गं बाई! लावा गं हात सगळ्याजणी!"

पाच सवाशिणींनी केरबाच्या मुठीवर मुठी ठेवल्या.

"आरं, माझा हात तुटंल!"

"तुटू दे. आत्याला अडलेलं जातं दावायचं काय? लगीन एकदाच हाय," मनुबाई म्हणाली.

काडकन आवाज झाला. आतला फेस मोडला, जातं फिरलं आणि त्याच्यासंगं केरबा बी फिरला. मनुबाईनं खुरप्यानं भराभर फेस खरवडला, वरचा दगड उचलाय लावून आत कापड फिरवलं. केरबा त्या दगडाबरोबर उठला नि त्याच्याबरोबर बसला. पयलं दळण तिनं उकिरड्यावर टाकलं. "ह्यातला कण नवरीच्या गालाला लागला, तर आंतरपाट बी सुटायचा न्हाई!" मग नवी हळकुंडं घातली आणि बायांनी ओवी धरली.

दारात आत्या उभी. बघती तर काय, सवाशिणींच्या घोळक्यात डोक्याला फेटा, कपाळाला घाम, आणि व्याही मान खाली घालून हळद दळतोय. ओवी तोंडातल्या तोंडात थांबली.

"पाव्हणं, तुमी दळताय?"

मनुबाईनं डोळं मिटलं.

"व्हय जी," केरबा म्हणाला.

"उठा की. बायांची कामं ही."

"हळद झाल्याबिगर हात सुटायचा न्हाई," केरबा म्हणाला. ह्यात खोटं काहीच न्हवतं.

आत्यानं डोळ्याला पदर लावला. "मी काय बाई भलतंच बोलून बसले! असल्या घरात पोरगी डोळं झाकून द्यावी." हळदीची वाटी घेऊन ती गाडीत बसली, ते कराड येईस्तवर फोनवर हेच सांगत गेली.

हात तेल लावून लावून सुटला. निम्मं कातडं मात्र खुंट्यालाच ऱ्हायलं. केरबानं अक्षता डाव्या हातानं टाकल्या. संयोगिता सून हून आली, घर हसतंखेळतं झालं, आणि तो खुंटा आजपातूर हलला न्हाई.

आत्याची जीभ बी थांबली न्हाई. आता कराडापासनं कडेगावापर्यंत कुणाच्यात हळद असली की मनुबाईला निरोप येतो, "चार सवाशिणी गावल्यात, पाचव्या म्हणून भावजींना धाडा." केरबा फेटा बांधून गुमान जातो, आणि येताना उपरण्यात खण-नारळाची ओटी घेऊन येतो.