गंगूआक्काच्या आईची पोथी

या, जवळ बसा. दारात उभं राहून "घाई आहे" म्हणायची खोड तुम्हाला कुणी लावली? आमच्या गंगूआक्काचं असं उभ्याउभ्या सांगता येत नाही.

परतूरला आमची तिची भिंतीला भिंत. वय ऐंशीच्या पुढं, घरात एकटी. तिच्याकडं गेलं की पाण्याच्या आधी जागा मिळते. "तिथं न्हाई, इकडं. उजेडाकडं तोंड!" ऊन सरकलं की पाहुण्यानंही सरकायचं. गल्लीतल्या एका लग्नात तिनं नवरा-नवरीलाच फिरवून बसवलं. भटजी म्हणाले, "आक्का, पूर्व तिकडं हाय." तर म्हणे, "पूर्व राहू द्या, पोरीचं नाक अंधारात जाऊन राह्यलं!"

हे सगळं आईचं. तिची आई मुक्या सिनेमात काम करायची. तेव्हा सिनेमे उन्हाच्या उजेडातच काढत. पुढं बोलपट आले, आईचा आवाज पडला घोगरा, मग ती लग्न करून इकडं आली. सासरी त्या कामाचं नाव काढायची बंदी. तरी तिनं आठवणींची एक वही लिहिली. आक्काला एकच इच्छा: ती वही चारचौघींत मोठ्यानं वाचायची, आईच्या नावासकट. पण भाचा अशोक आडवा यायचा. "आत्या, पोरीला टेंभुर्णीची सोयरीक आलीय. आजी सिनेमात होती हे गावाला कशाला?"

श्रावणात आम्ही बायका दुपारी आक्काकडं पोथीला जमतो. गेल्या साली तिनं लाल कापडातली पोथी चौरंगावर ठेवली. मीच फुलं वाहिली. आक्कानं सुरू केलं, "अध्याय पहिला. मालकानं विचारलं, घोड्यावर बसता येतं का? मी खोटंच हो म्हणाले."

आम्ही हात जोडून ऐकतोय. घोडा उधळला तेव्हा शांताबाईनं डोळे मिटून अक्षताही टाकल्या. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. "आक्का, ह्या पोथीत देव कधी येणार गं?"

"देव न्हाई. माझी आई हाय."

मग शांताबाईच म्हणाली, "मंग थांबली काय? खलनायकानं धरलं का सुटली, ते सांग की!"

चौथ्या दिवशी ओसरी पुरेना. पुरुषमंडळी पायऱ्यांवर. अशोकही आला, पण दाराआड उभा.

समाप्तीला आक्कानं शेवटचं पान काढलं. "गंगू रडून राह्यली. दूध पाजून येते, मंग पुढचं लिहिते." आणि थांबली. पुढं सगळी पानं कोरी. तिनं ती एकेक करून उलटली, शेवटपर्यंत.

"आलीच न्हाई गं परत लिहायला," ती म्हणाली. "माझ्यापायी राहिलं."

दाराआडून अशोक आत आला, वहीवर डोकं टेकवलं आणि पोथी संपल्यावर म्हणतात तसं ओरडला, "बोला, आमच्या आजी अनसूयाबाई की..."

"जय!" अशी ललकारी उठली की समोरच्या पिंपळावरची पाखरं उडाली. आक्का पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, मला नाही कळलं. पोरीची सोयरीक? जमली. व्याह्यांनी वही वाचायला मागून नेली!

आता श्रावणाची वाट कोण बघतंय? आक्का कुणीही आलं की पहिल्या अध्यायापासून सुरू करते, आणि निघताना हात धरून ठेवते. तेव्हा लवकर या. दुपारचे या, आणि घाई घरी ठेवून या.